'ते तिकडचं झालं'

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंट मला सहसा भेटत नाही, त्याचा तुकडा भेटतो. या प्रकरणात मात्र अख्खं घर भेटलं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचे नाहीत.

पेशंट ३८ वर्षांचा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टर्नर. सात महिने जिना चढताना दम लागत होता. हिमोग्लोबिन ७.२. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर-बीट झालं, कुणीतरी मूळव्याध म्हणालं म्हणून त्याचंही औषध झालं. गोळ्या घेतल्या की रक्त थोडं वाढायचं, थांबवल्या की पुन्हा खाली. शौचातून लाल रक्त कधीच दिसलं नव्हतं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असली की असंच होतं. तिथं आतडं रुंद, मळ पातळ, त्यामुळे अडत काही नाही आणि झिरपणारं रक्त मळात मिसळून जातं. चाळिशीच्या आतला, अंगमेहनत करणारा पुरुष. त्याचं रक्त कमी होतंय तर ते जातंय कुठं, हा प्रश्न सात महिने कुणी विचारला नाही. शेवटी दुर्बिणीची तपासणी झाली आणि यकृताखालच्या वळणाशी गाठ सापडली. सर्जनने आतड्याचा उजवा भाग काढला आणि तो माझ्याकडे आला.

फाईलच्या पहिल्या पानावर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात दोनच शब्द होते: 'विशेष नाही'.

स्लाईड मायक्रोस्कोपखाली ठेवली तेव्हा ते दोन शब्द खटकले. गाठ आतड्याच्या भिंतीतून आरपार गेलेली, तरी तपासलेल्या २२ लसिका ग्रंथींपैकी एकीतही कॅन्सर नव्हता. पेशी बेढब, जागोजागी चिकट श्लेष्म्याची तळी, आणि गाठीच्या आत-बाहेर लिम्फोसाइट या संरक्षक पांढऱ्या पेशींची गर्दी. शरीर या गाठीला परकी ओळखून तिच्याशी झुंजत होतं. उजवी बाजू, कमी वय आणि ही गर्दी एकत्र दिसली की चार स्टेन, म्हणजे ठरावीक प्रथिन दाखवणारे रंग, करायचे असतात: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६.

डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी ही चार प्रथिनं. ज्या पेशीत प्रथिन आहे तिचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तर निळंच राहतं. पहिल्या दोन स्टेनमध्ये सगळं तपकिरी. एमएसएच-२च्या स्लाईडवर मात्र शेजारची निरोगी आतड्याची पेशी तपकिरी, मध्ये घुसलेला लिम्फोसाइट तपकिरी आणि कॅन्सरच्या पेशी मात्र ओळीनं निळ्या. एमएसएच-६ही तसाच, कारण एमएसएच-२ जोडीला नसेल तर तो एकटा टिकत नाही. एमएलएच-१ गेला असता तर मी थोडी थांबले असते. उतारवयात ते प्रथिन वारशाशिवायही बंद पडतं. एमएसएच-२ गायब असेल तर बहुतेक वेळा बोट जनुकातल्या, जन्माने आलेल्या बदलाकडेच जातं. या अवस्थेचं नाव लिंच सिंड्रोम.

तपासणीच्या खोलीत बसून पुढचं होणार नव्हतं. सर्जनना विचारून मी घरच्यांना बोलावलं.

पेशंट, त्याचे सत्तरीतले वडील आणि बायको आले. वडिलांनी बसता बसताच निकाल दिला, "आवो मॅडम, आमच्या घराण्यात न्हाई कुणाला आसलं. पायजे तर हेळव्याला विचारा, सात पिढ्या म्हणून दाखवंल."

हेळवी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या या दक्षिण भागात आणि पलीकडे उत्तर कर्नाटकात घराघरांच्या वंशावळी सांभाळणारी ही माणसं. सुगी झाली की दारात येतात, चोपडी उघडतात, पूर्वजांची नावं म्हणतात, नव्यानं जन्मलेल्यांची लिहून घेतात आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या घरी जातात. वडील खोटं बोलत नव्हते. त्यांच्या चोपडीत खरंच कुणी आतड्याच्या आजारानं गेलेलं नव्हतं. पण त्या चोपडीत बाप, आजा, पणजा होते. लेकी नव्हत्या, सुनांची माहेरं नव्हती.

मागच्या खुर्चीवर बसलेली बायको हळूच म्हणाली, "मग आत्यांच्या पिशवीचं काय? आणि आमच्या आण्णांचं?"

तिची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. ४६ व्या वर्षी 'पिशवीच्या कॅन्सर'नं गेली. आण्णा म्हणजे तिचे वडील, पेशंटचे मामा. ४४ व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले.

"ते तिकडचं झालं," वडील म्हणाले.

या तीन शब्दांपाशी मी बराच वेळ अडकले. 'घराण्यात कुणाला आहे का?' असं आपण विचारतो आणि मराठीत घराणं म्हणजे बापाचं. आईचं ते आजोळ, बायकोची ती सासुरवाडी. जनुकांना हा हिशेब ठाऊक नाही, ती निम्मी आईकडून येतात आणि निम्मी बापाकडून. शिवाय गर्भाशयाचा कॅन्सर 'बायकांचा आजार' म्हणून वेगळ्याच खान्यात पडतो. खरं तर लिंच सिंड्रोममध्ये बाईला आतड्याइतकाच धोका गर्भाशयाच्या अस्तराला असतो. तेव्हा आता मी विचारते, "आईकडचे कोण कशानं गेले? मामा, मावश्या, आजोबा? कुणाची पिशवी काढली होती, आणि कशासाठी?" उत्तरं वेगळी येतात.

इथं १८९५ सालची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई एकदा त्यांना म्हणाली की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. वॉर्थिननी तिच्या घराची वंशावळ १९१३ मध्ये छापली. हेन्री लिंच यांनी १९६६ मध्ये अशी आणखी दोन घरं मांडली आणि आजाराला पुढे त्यांचं नाव मिळालं. जनुक हाती आलं १९९३ मध्ये. त्या शिवणाऱ्या बाईच्या घराण्यातला बदलही शेवटी एमएसएच-२ मध्येच निघाला. डॉक्टरांच्या कितीतरी आधी तिला घरातलं कळलं होतं, तसंच इथं मागच्या खुर्चीवरच्या सुनेला.

कागदावर वंशावळ काढायला घेतली. पुरुष चौकोन, बाई गोल, आजार असेल तर आत काळं, मृत्यू असेल तर तिरकी रेघ. आईचे वडील पंचावन्नच्या आसपास 'पोट धरून' गेले होते. नेमकं काय, कुणालाच ठाऊक नाही, म्हणून प्रश्नचिन्ह. आई काळी, मामा काळे. मावशी ६८ वर्षांची, ठणठणीत. तिचा मुलगा, म्हणजे पेशंटचा मावसभाऊ, चार वर्षांपूर्वी ४१ व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरनं गेला. त्याचं ऑपरेशन कोल्हापुरातच झालं होतं. नाव ऐकलं आणि माझा पेन थांबला. तो रिपोर्ट माझा होता.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या खोक्यातून त्याचा ब्लॉक काढला. नखाएवढा तुकडा, मेणाच्या ठोकळ्यात जसाच्या तसा. माझ्या रिपोर्टात 'श्लेष्मल', 'लिम्फोसाइट विपुल' असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं. चार स्टेन मात्र केले नव्हते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरवर ही तपासणी करा असं २०१७ मध्येच सांगितलं होतं, मला ते माहीत होतं. पण पेशंटचा खर्च वाढतो, सर्जननं मागितलं नाही, आणि मीही सुचवलं नाही. आता स्टेन केला. एमएसएच-२ गायब. तेव्हाच केला असता तर टर्नरची दुर्बिणीची तपासणी ३४ व्या वर्षी झाली असती, आणि तेव्हा कदाचित नुसता पॉलिप, म्हणजे आतड्यातला छोटा कोंब, सापडला असता, तिथल्या तिथं काढता येणारा. हे मी त्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आता करता न्हवं सगळ्यांचं?" करते.

त्याला आजार समजावायची वेळ आली तेव्हा माझी नेहमीची 'मुद्रितशोधका'ची उपमा बाजूला ठेवली. हा गेजवर जॉब तपासून पुढे पाठवणारा माणूस. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते तेव्हा थोडा माल खराब निघतोच, विशेषतः जिथं एकच अक्षर सलग आठ-दहा वेळा येतं तिथं मशीन घसरतं. एमएसएच-२ म्हणजे तो माल रिजेक्ट करणारा इन्स्पेक्टर. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे प्रत्येक पेशीत दोन इन्स्पेक्टर. त्यानं माझं वाक्य तोडलं.

"म्हंजे मला जन्मापासनं एकच इन्स्पेक्टर. आणि एखाद्या पेशीत त्यो बी रजेवर गेला की सगळा माल पास."

बरोबर. आणि म्हणूनच मावशी ठणठणीत आहेत. तिच्या मुलात बदल होता म्हणजे तिच्याकडूनच गेला, पण तिच्या आतड्यात अडुसष्ट वर्षं दुसरा इन्स्पेक्टर कामावर राहिला. एमएसएच-२ बदल असलेल्या माणसाला ८० वर्षांपर्यंत आतड्याचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण तिघांत एक ते दोघांत एक. बाईला गर्भाशयाचा धोका पाचांत एकपासून निम्म्याहून थोडा वर. धोका मोठा आहे, पण 'ठरलेलंच' नाही.

रक्ताचा नमुना बाहेरगावच्या लॅबला गेला. महिन्याभरानं रिपोर्ट आला: दोषी बदल आढळला नाही. घरात पेढे आले. मी खाल्ला नाही. स्लाईडवर निळ्या पेशींची ओळ मी डोळ्यांनी पाहिली होती. या जनुकात अनेकदा एखादं अक्षर बदलत नाही, अख्खा तुकडाच गळतो. एकाच पोथीच्या दोन प्रती आहेत आणि एकीतलं पान फाटलंय असं समजा. फक्त अक्षरं वाचणाऱ्याला ते पान दुसऱ्या प्रतीत मिळतं आणि तो सगळं ठीक म्हणतो. पानं मोजणारी तपासणी वेगळी असते, आणि ती मागवलीच गेली नव्हती. मंडळी कागदपत्रं आणि ब्लॉक घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला, टाटा मेमोरियलच्या कॅन्सर जेनेटिक्स विभागात गेली. तिथं तुकडे मोजले गेले. एमएसएच-२चा एक तुकडा एका प्रतीत नव्हता.

या निदानानं लगेच एक गोष्ट बदलली. ग्रंथींपर्यंत न पोचलेल्या, दुरुस्ती बिघडलेल्या अशा गाठीचा पुढचा प्रवास बरा असतो, आणि नेहमीच्या ५-एफयू केमोचा तिथं फायदा दिसत नाही. म्हणून केमो दिली नाही. वडिलांना वाटलं, आपल्याकडे पैसे नाहीत म्हणून डॉक्टर टाळतायत. ते पटवायला सर्जनला दोन भेटी लागल्या. दुसरी बाजू कडू होती. निदान ऑपरेशनआधी असतं तर जास्त आतडं काढण्याचा विचार झाला असता. लिंचच्या पेशंटचं थोडंच आतडं काढलं तर उरलेल्या भागात पुन्हा कॅन्सर होण्याची शक्यता एका मोठ्या अभ्यासात दहा वर्षांत १६ टक्के आणि वीस वर्षांत ४१ टक्के निघाली होती. त्यामुळे आता दरवर्षी दुर्बीण. तिचा उपयोग होतो. फिनलंडमध्ये अशाच घरांत दर तीन वर्षांनी तपासणी केली तेव्हा १५ वर्षांत आतड्याचे कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाले.

मधल्या काळात पुण्याच्या आयटीतल्या चुलतभावानं थुंकीतून डीएनए तपासणाऱ्या किटचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात आतड्याच्या कॅन्सरचा धोका 'सरासरी' लिहिलेला. पेशंटला वाटलं, दोन्ही एकच तपासणी. तसं नाही. २००७ पासून हजारो लोकांचे डीएनए पडताळून आतड्याच्या कॅन्सरशी जोडलेली दोनशेहून अधिक ठिकाणं सापडली आहेत. ही सर्रास आढळणारी अक्षरं तुमच्या-माझ्यात आहेत, आणि एकेक अक्षर धोका जेमतेम दहा-वीस टक्क्यांनी हलवतो. सगळ्यांची बेरीज करून गुण काढता येतात, पण त्यामागची बहुतेक माणसं युरोपीय वंशाची, त्यामुळे करवीर तालुक्यातल्या माणसाला ते गुण कितपत लागू पडतात याबद्दल मी तरी सावध आहे. मुख्य म्हणजे असं किट फाटलेलं पान शोधतच नाही. चुलतभाऊ बापाकडचा, त्याला या बदलाचा धोका मुळातच नव्हता. पण हाच 'सरासरी' रिपोर्ट मामाच्या मुलाच्या हातात पडला असता तर त्यानं दुर्बीण टाळली असती.

आता अवघड भाग. पेशंटची बायको म्हणजे मामाची मुलगी, आणि मामा त्याच आजारानं गेलेले. आमच्याकडे मामाची पोर करणं जुनी रीत. "नात्यात दिलं म्हणजे माणसं वळखीची ऱ्हात्यात म्हणत हुते आण्णा," ती म्हणाली. वंशावळीत नवरा-बायकोमध्ये मी दुहेरी रेघ ओढली. नात्यातल्या लग्नाची खूण. तिनं लगेच विचारलं ही दोन रेघांची काय भानगड.

त्यांना १२ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. एकट्या बापाकडे बदल असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी, आणि तपासायची घाई नसते. मूल सज्ञान झालं की ते स्वतः ठरवतं, दुर्बीण साधारण पंचविशीला सुरू होते. पण आईकडेही तोच बदल असेल तर चारांतलं एक मूल दोन्ही प्रती बिघडलेलं जन्मू शकतं. जन्मापासून एकही इन्स्पेक्टर नाही. अशा मुलांना लहानपणीच मेंदूच्या गाठी, रक्ताचा कॅन्सर, आतड्याचा कॅन्सर होतो. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतात. मी दोन्ही मुलांची पाठ, पोट, काखा पाहिल्या. मुलाच्या पाठीवर एक तपकिरी डाग होता. जन्मखूण, बहुधा. असा एखादा डाग कितीतरी निरोगी मुलांना असतो हे मला माहीत आहे, मुलांच्या आईला मी सांगितलंही. तरी तिचा रिपोर्ट येईपर्यंतचे तीन आठवडे मी तो डाग विसरू शकले नाही.

"माझं बी करा, मी बी बघतो काय निघतंय ते," असं म्हणून तिनं स्वतःच बाही वर केली होती.

तिच्यात बदल नव्हता. तिच्या धाकट्या भावात निघाला, वय २९. त्याची दुर्बीण स्वच्छ आली. त्याला अ‍ॅस्पिरिनबद्दलही सांगितलं. लिंचच्या ८६१ जणांवरच्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम, निदान दोन वर्षं घेतलेल्यांमध्ये पुढच्या काळात आतड्याचे कॅन्सर कमी झाले होते. पोटातून रक्तस्राव होऊ शकतो म्हणून डोस आणि निर्णय त्याच्या डॉक्टरांनी बघायचा. त्याचं लग्न ठरवायचं चाललंय, आणि पहिलं स्थळ नात्यातलंच आहे. मुलीलाही तपासा एवढंच मी म्हणाले. पुढं काय झालं मला कळवलेलं नाही.

उरली पेशंटची धाकटी बहीण. वय ३५, दोन मुलं, दिली गडहिंग्लज भागात. शक्यता निम्मी. तिला फोन केले, चिठ्ठी पाठवली. आठ महिने उत्तर नाही. भाऊ चिडायचा. मला चिडता येत नव्हतं. सासरी 'हिच्या रक्तात कॅन्सर आहे' असं एकदा पसरलं की उद्या तिच्या मुलीचं स्थळ बघताना तेच कानावर येणार, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

एका मंगळवारी ती आली. एकटी, एसटीनं. हातात ओटीची पिशवी.

"आंबाबाईला जातो म्हणून सांगून आलोय," ती म्हणाली. "लवकर करा, दोनची गाडी हाय."

तिच्यात बदल निघाला. दुर्बिणीआधी आतडं साफ करणारं औषध लिटरमागून लिटर प्यायचं आणि रात्रभर बाथरूममध्ये फेऱ्या मारायच्या, ते सासरी लपणं शक्य नव्हतं. म्हणून भावाच्या तब्येतीचं निमित्त सांगून ती दोन दिवस माहेरी राहिली. उजव्या बाजूला नऊ मिलिमीटरचा सपाट पॉलिप होता, तिथंच काढला. माझ्याकडे आला. अजून कॅन्सर नव्हता, पण एमएसएच-२चा स्टेन निळा होता. दुसरा इन्स्पेक्टर रजेवर गेलेला, माल नुकता पुढं सरकायला लागलेला.

चाळिशीच्या सुमारास गर्भाशय आणि अंडाशय काढायचा विचार करता येतो, असं सांगताना मी शब्द शोधत होते. ती हसली. "त्याचं काय न्हाई मॅडम. पिशवी काढली म्हटल्यावर गावात कोण इचारत न्हाई."

रिपोर्ट छापून पाकिटात घातला तर तिनं तो माझ्याकडेच सरकवला. घरात सापडंल, तुमच्याजवळ ऱ्हाऊ दे. तिची फाईल माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहे, मावसभावाच्या ब्लॉकशेजारी. पुढची दुर्बीण वर्षानं. तारीख तिनंच काढली, नवरात्रातली. तेव्हा अख्खं गावच कोल्हापूरला येत असतं.